'हॅक्सॉ रिज' : एका पराक्रमाचा पाठविचार

ह्या त्रैमासिकांत चित्रपटाचें परीक्षण कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु 'हॅक्सॉ रिज' (२०१६) ह्या अमेरिकन युद्धपटाचा विषय एका सरकारी मानपत्रांत नमूद आहे; आणि अस्सल कागदाशीं नक्कल ताडून पाहणें हें तर आपलें नित्याचेंच काम होय.

दिग्दर्शक मेल गिब्सन ह्यांनीं सुमारें चार कोटि डॉलरांत, म्हणजे अशा युद्धपटांच्या मानानें थोडक्या खर्चांत, ऑस्ट्रेलियांत हा पट तयार केला. नायक डेस्मंड डॉस (१९१९–२००६) हा सैन्यांतील शुश्रूषक. धर्मश्रद्धेस्तव त्यानें शस्त्र धरण्याचें नाकारलें होतें. १९४५ सालीं ओकिनावा बेटावरील एका कड्यावरून त्यानें जखमी सैनिक एकामागून एक दोरानें खालीं उतरविले, व त्याच वर्षीं १२ ऑक्टोबर रोजीं अध्यक्ष ट्रूमन ह्यांनीं त्यास 'मेडल ऑफ ऑनर' अर्पण केलें. रणाचे देखावे भेदक आहेत, आणि अँड्र्यू गारफील्ड ह्यांचा डॉस मुळींच बडेजाव करीत नाहीं, हें प्रथम सांगितलें पाहिजे.

आतां पाठभेद पाहूं. मानपत्रांतील ७५ ही संख्या मोजदादीची नव्हे. डॉस ५० म्हणे, सोबती १०० म्हणत, म्हणून मधला आंकडा धरला गेला. पटांत ह्या मतभेदाची दाद नाहीं. १९४४ सालची ग्वाम व लेते येथील डॉसची कामगिरीहि गाळली आहे. हे लोप नाट्याच्या सोयीसाठीं क्षम्य मानूं.

एक लोप मात्र क्षम्य नाहीं. पायांस हातबॉम्बच्या जखमा झालेला डॉस डोलीवरून जात असतां, अधिक घायाळ शिपाई दिसतांच स्वतः खालीं उतरला व डोली त्यास देवविली. पुढें गोळीनें हाड मोडलेल्या हातास त्यानें बंदुकीचा दस्ता बांधला आणि तो ३०० यार्ड सरपटत गेला, असें मानपत्र सांगतें. शस्त्रास न शिवणाऱ्याच्या हातीं बंदूक आली ती केवळ फळी म्हणून! पटांत डॉस डोलींतच राहतो. प्रेक्षकांस हें खरें वाटणार नाहीं, ह्या भयानेंच तें गाळलें असावें.

दुर्घट पाठ दिसला कीं लेखकु तो सोपा करतो. म्हणूनच संशोधक दुर्घट पाठास अधिक मान देतो. येथें तर त्या पाठास अस्सल कागदाचा आधार होता. पट अवश्य पाहावा. परंतु नंतर मानपत्रहि वाचावें, म्हणजे खरा डॉस पटांतल्याहून मोठा होता हें कळेल.