प्रोग्रेसिव्ह रॉकमधील श्रेष्ठ कृति कोणती?

कोणत्याहि कलेंत सर्वश्रेष्ठ कृति कोणती असें विचारणें म्हणजे रसिकतेचा बाजार मांडणें होय, असें म्हणणारे कांहीं टीकाकार आहेत. ज्याला जें आवडेल तें त्यानें ऐकावें, वादाच्या भानगडींत पडूं नये, असें त्यांचें मत. हें मत ऐकावयास उदार वाटतें. पण आम्हांस त्यांत आळसाचा भाग अधिक दिसतो. ज्याला निवड करावयाची आहे त्याला आपली कसोटी कोणती तें सांगावें लागतें, आणि कसोटी एकदां उघड केली म्हणजे ती खोटी ठरण्याचें भयहि पत्करावें लागतें. एवढें भय ज्यानें पत्करलें नाहीं त्यानें टीका केली असें म्हणतां येणार नाहीं. म्हणून प्रोग्रेसिव्ह रॉक या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या पाश्चात्य संगीतांतील सर्वांत थोर ध्वनिमुद्रिका कोणती, या तरुण मंडळींत हिरिरीनें चर्चिल्या जाणाऱ्या प्रश्नास आम्ही हात घालीत आहों. अमेरिकेंतील ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकानें २०१५ सालीं अशा पन्नास ध्वनिमुद्रिकांची यादी छापून पहिला मान पिंक फ्लॉईडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हिला दिला. तो निवाडा आम्हांस मान्य नाहीं.

प्रथम नांवाविषयीं दोन शब्द. प्रोग्रेसिव्ह म्हणजे प्रागतिक. हा शब्द आपल्याकडे एके काळीं राजकारणांतील मवाळांस लागलेला होता, आणि मवाळपणा तर या संगीतांत औषधालाहि सांपडावयाचा नाहीं! १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडांतील कांहीं तरुण वादकांस असें वाटूं लागलें कीं, ज्या विजेच्या गिटारीवर आपण नाचाचीं गाणीं वाजवितों तिच्यावरच मोठी, अनेक अंगांची रचना कां उभारूं नये? त्यांच्या हातीं साधन होतें तें लाँगप्ले तबकडीचें. जुन्या, मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूस तीन-सव्वातीन मिनिटांचेंच गाणें मावत असे. अब्दुल करीम खाँसाहेबांनीं तेवढ्यांत अख्खा राग उभा केला, हें खाँसाहेबांचें सामर्थ्य, तबकडीचें नव्हे. १९४८ सालीं अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें लाँगप्ले तबकडी बाजारांत आणली, आणि एका बाजूस वीस-बावीस मिनिटें मिळूं लागलीं. तरी लोकप्रिय संगीतवाले पुढें कित्येक वर्षें त्या प्रशस्त अंगणांत तीन तीन मिनिटांच्या खोल्याच बांधीत राहिले. या तरुणांनीं सबंध अंगण मागितलें.

यांतूनच आमची कसोटी निघते. रचना लांब आहे याचें कौतुक नाहीं. ती लांबी रचनेच्या पोटांतून आली आहे काय, एवढेंच पाहावयाचें. चांगल्या मैफलींत विलंबित ख्याल तासभर चालला तरी त्यास कोणी लांबण म्हणत नाहीं, कारण प्रत्येक आवर्तन मागल्या आवर्तनाचें ऋण फेडीत आणि नवें काढीत पुढें जातें. उलट चार मिनिटांचें भावगीतहि कधीं कधीं संपतां संपत नाहीं.

कालानुक्रमें पहिला मान किंग क्रिम्सन या मंडळीच्या ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्सन किंग’ या कृतीचा. चार वादक आणि एक कवि अशा या पांच जणांनीं १९६९ च्या एप्रिलांत लोकांपुढें वाजविण्यास आरंभ केला. जुलैंत लंडनच्या हाइड पार्कांत रोलिंग स्टोन्सच्या आधीं त्यांस प्रचंड समुदायापुढें उभें राहावयास मिळालें. आणि ऑक्टोबरांत ही तबकडी निघालीसुद्धां. मुखपृष्ठावर भयानें किंचाळणारा एक लालबुंद चेहरा आहे. तो काढणारा तरुण चित्रकार बॅरी गॉडबर पुढें कांहीं महिन्यांतच वारला. पहिल्याच रचनेंत गायकाचा आवाज मुद्दाम चिरका, घासलेला करून घेतला आहे, आणि त्यांत व्हिएतनाममधील युद्धाची आंच सरळ लागते. सर्व वाद्यें भरधांव धांवतां धांवतां एका क्षणीं थबकतात आणि पुन्हा एकदम उठतात, तेव्हां तालीम या शब्दाचा अर्थ कळतो. इतरत्र मेलोट्रॉन नांवाचें वाद्य सारा अवकाश भरून टाकतें. या वाद्याच्या प्रत्येक पट्टीखालीं चुंबकीय फितीचा एक तुकडा असतो, त्यावर व्हायोलिनांचा किंवा बासरीचा स्वर आधींच मुद्रित केलेला असतो, आणि पट्टी दाबून धरली तरी सुमारें आठ सेकंदांत फीत संपते. उधार आणलेल्या व्हायोलिनांचा हा थरथरता, किंचित् आजारी स्वर या राजदरबाराच्या वर्णनास असा शोभला आहे कीं, खऱ्या व्हायोलिनांनीं तो बिघडलाच असता.

मग उणें कोठें? ‘मूनचाइल्ड’ या रचनेंत. ती सुमारें बारा मिनिटांची, म्हणजे सबंध तबकडीच्या एक चतुर्थांशाहून अधिक. त्यांतील पहिलीं अडीच मिनिटें नितांत सुंदर. उरलेला सारा वेळ गिटार, ढोल आणि घंटानाद करणारें एक वाद्य हलकेच एकमेकांस चांचपडत बसतात. कांहीं रसिक यासच धाडस म्हणतात. मैफलींत तंबोरे जुळविले जात असतां आम्हीहि निमूटपणें बसतों. पण तंबोऱ्यांची ती जुळवाजुळव मुद्रित करून विकावी असें कोणा गवयास वाटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. आद्य कृतीचा मान क्रिम्सनकडून कोणी घेऊं शकणार नाहीं; परंतु आद्य आणि श्रेष्ठ हीं दोन निराळीं सिंहासनें आहेत. मराठी कादंबरीचा इतिहास १८५७ च्या ‘यमुनापर्यटना’पासून सांगतात, श्रेष्ठत्वाचा वाद मात्र कोणी तेथें नेत नाहीं. (हा दृष्टांत क्रिम्सनवर थोडा अन्याय करणारा आहे, हें आम्ही जाणून आहों.)

इमर्सन, लेक आणि पामर या त्रयीविषयीं फार लिहिण्याची इच्छा नाहीं. मुसोर्गस्कीची ‘पिक्चर्स अॅट अॅन एक्झिबिशन’ ही रचना त्यांनीं आपल्या वाद्यांवर घेऊन १९७१ मध्यें तबकडीरूपानें काढली. तीं ऐकतांना बोटांच्या वेगाचा अचंबा वाटतो, आणि तो अचंबा ओसरल्यावर हातीं कांहीं राहत नाहीं. जेथ्रो टलच्या ‘थिक अॅज अ ब्रिक’ची (१९७२) गंमत निराळी. या मंडळीच्या आधल्या तबकडीस टीकाकारांनीं एकसूत्री काव्याचा मान दिला, तेव्हां इयन अँडरसन यांनीं त्या साऱ्या प्रकाराची थट्टा करण्यासाठीं दोन्ही बाजू मिळून एकच रचना केली, ती एका काल्पनिक शाळकरी मुलाच्या नांवावर खपविली, आणि वेष्टन म्हणून बारा पानांचें खोटें वृत्तपत्र छापलें. थट्टा मूळ वस्तूहून सरस उतरली, असा प्रसंग वाङ्मयांतहि विरळा. तरीहि थट्टा ती थट्टाच; दुसऱ्या बाजूवर ती आपलेच विनोद पुन्हा सांगूं लागते. जेनेसिसची ‘सपर्स रेडी’ ही १९७२ ची तेवीस मिनिटांची रचना आम्हांस मनापासून प्रिय आहे. तिच्यांतील एकेक प्रवेश अप्रतिम. पण ते प्रवेश आहेत, आणि दोन प्रवेशांमध्यें पडदा पडल्याचा आवाज आम्हांस ऐकूं येतो.

आतां ‘डार्क साइड’. मार्च १९७३ मध्यें ती निघाली. काळ, पैसा, मृत्यु आणि बुद्धिभ्रंश हे तिचे विषय. त्यांतील शेवटच्या विषयामागें या मंडळीचा मूळ नायक सिड बॅरेट याची कहाणी आहे. मनःस्वास्थ्य ढळल्यामुळें तो १९६८ मध्येंच बाजूला पडला होता. रॉजर वॉटर्स यांचे शब्द इतके सरळ आहेत कीं, शाळकरी मुलासहि कळावे. पैशावरील गाण्यांत नाण्यांचे आणि गल्ल्याच्या यंत्राचे आवाज फितीचे तुकडे जोडून सात मात्रांत बसविले आहेत. रूपक तालाची संवय असलेल्या आपल्या कानांस तें वजन परकें वाटत नाहीं; गिटारीची फिरत सुरू होतांच मात्र गाणें चारांच्या चालीवर येतें आणि मोकळें धांवूं लागतें. मृत्यूवरील रचनेंत तर शब्दच नाहींत. क्लेअर टॉरी या गायिकेनें केवळ आकारांतून जो आक्रोश केला आहे तो ऐकून दगडासहि पाझर फुटावा. त्या कामाचे तिला तीस पौंड मिळाले, आणि सहरचनाकार म्हणून नांव लागण्यासाठीं तिला २००४ मध्यें न्यायालयाची पायरी चढावी लागली.

मग या कृतीस पहिला मान कां नको? ही तबकडी थोर आहे, तिच्यावर कोट्यवधि लोकांनीं केलेलें प्रेम सर्वस्वीं योग्य आहे. परंतु ती गीतमालिका आहे. एक गाणें दुसऱ्यांत विरघळतें, आरंभींचा हृदयाचा ठोका अखेरीस पुन्हा ऐकूं येतो, आणि विषयाच्या दोऱ्यानें सारे मणी गुंफले जातात. पण मणी सुटा केला तरी तो मणीच राहतो. या संगीतानें जी प्रतिज्ञा केली होती, कीं आम्ही अशी इमारत बांधूं जिची एक वीट काढली तर सारी ढासळेल, ती प्रतिज्ञा ‘डार्क साइड’नें स्वीकारलीच नाहीं. जी परीक्षा दिली नाहीं तिच्यांत पहिला क्रमांक कसा द्यावा?

ती परीक्षा देऊन उत्तीर्ण झालेली कृति आमच्या मतें एकच: येस या मंडळीची ‘क्लोज टु द एज’. सप्टेंबर १९७२ मध्यें निघालेल्या या तबकडींत तीनच रचना आहेत, आणि तबकडीस जिचें नांव मिळालें ती पावणेएकोणीस मिनिटांची पहिली रचना एक सबंध बाजू व्यापते. तिचें बीज हर्मान हेसे यांच्या ‘सिद्धार्थ’ (१९२२) या जर्मन कादंबरींत आहे. हेसे यांची आई तलश्शेरीस जन्मलेली, आणि त्यांचे आजोबा हर्मान गुंडर्ट हे मलयाळम भाषेचे थोर कोशकार. तेव्हां हा विषय युरोपांत गेला तो मलबारच्या किनाऱ्यावरूनच, असें म्हणण्यास हरकत नाहीं. कादंबरीचा नायक शेवटीं नदीकांठीं एका नावाड्यापाशीं राहतो आणि प्रवाहाचा आवाज ऐकावयास शिकतो. शीर्षकांतील कांठ तो हाच.

रचना पक्ष्यांच्या किलबिलाटानें आणि वाहत्या पाण्यानें उघडते. पाण्याचा आवाज वाढतो, आणि एकाएकीं सर्व वाद्यें एकमेकांशीं भांडत आंत शिरतात. कोणाची कोणाशीं जुळणी नाहीं असें प्रथम वाटतें. या गोंधळांतून हळूहळू एक स्वच्छ सुरावट वर येते. मग अँडरसन गाऊं लागतात, आणि प्रत्येक कडव्याच्या शेपटीला चढणें आणि उतरणें या अर्थाचा एक चिमुकला चरण येतो. प्रथम ऐकणाऱ्यास तो केवळ पादपूरणार्थ वाटेल. परंतु तिसऱ्या भागांत ढोल थांबतात, वेग नाहींसा होतो, आणि तोच चरण साऱ्या विभागाचा मुखडा होऊन बसतो! त्याच्यावर रिक वेकमन यांचा चर्च-ऑर्गन उसळतो. तो लंडनच्या सेंट जाइल्स क्रिपलगेट या चर्चमधील ऑर्गन आहे, आणि त्याच चर्चमध्यें कवि मिल्टन यांची समाधि आहे. पुढें आरंभींचें भांडण परत येतें, पण आतां तें भांडण वाटत नाहीं. कान तयार झालेला असतो. शेवटच्या भागांत पहिल्या कडव्याची चाल विस्तृत होऊन परतते, आणि पुन्हा पाणी, पुन्हा पक्षी. येथें कोणती वीट काढावी तें आम्हांस सुचत नाहीं.

आक्षेप आहेत. शब्दांस अर्थ नाहीं, हा पहिला. त्यावर कोणी म्हणेल, तराण्याचा अर्थ तुम्ही विचारतां काय? पण हें उत्तर पुरें नाहीं. तराणा अर्थाचा आव आणीत नाहीं. अँडरसन यांचे शब्द तो आणतात, आणि तेवढ्यापुरता आक्षेप खरा आहे. दुसरा आक्षेप असा कीं, ही रचना सलग वाजविली गेलीच नव्हती. लहान लहान तुकडे मुद्रित करून एडी ऑफर्ड यांनीं फिती कापून जोडल्या. हें खरें, आणि त्या पद्धतीस कंटाळूनच ढोलवादक बिल ब्रुफर्ड मुद्रण संपतांच येस सोडून किंग क्रिम्सनमध्यें गेले. पण शिलाई दिसत नसेल तर शिंप्यास दोष कां? शिवाय १९७३ च्या ‘येससाँग्ज’ या तबकड्यांवर तीच रचना या मंडळीनें रंगमंचावर संपूर्ण वाजविलेली ऐकावयास मिळते.

तिसरा आक्षेप खुद्द येसनेंच पुरविला. जपानच्या दौऱ्यांत अँडरसन यांनीं परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रांतील एक तळटीप वाचली. तींत श्रुति, स्मृति, पुराण आणि तंत्र असे शास्त्रांचे चार वर्ग सांगितले होते. चार वर्ग, म्हणून चार बाजू, म्हणून दोन तबकड्या! १९७३ च्या डिसेंबरांत ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ निघाली, ती ऐंशी मिनिटांहून मोठी. येथें लांबी संगीताच्या पोटांतून आली नाहीं. ती तळटिपेंतून आली. आपल्या शास्त्रांचीं नांवें पाहून कांहीं स्वदेशीय श्रोत्यांस अभिमान वाटतो, पण नांवांनीं कधीं पोकळी भरली आहे काय? वेकमन यांसहि ती मानवली नाहीं, आणि १९७४ मध्यें ते बाहेर पडले. याच मंडळीनें पुढल्याच वर्षीं असें करावें, यावरून ‘क्लोज टु द एज’ कमी ठरत नाहीं. तिच्यांत कोणता कांठ संभाळला गेला होता तें मात्र दिसतें.

दुसऱ्या बाजूवरील दोन्ही रचना पहिलीच्या तोडीच्या नाहींत. ‘अँड यू अँड आय’ मधला मधुर भाग थोडा अधिक गोड आहे. ‘सायबेरियन खात्रू’ मात्र गिटार आणि बेस यांच्या झुंजीनें शेवटपर्यंत खिळवून ठेवते. ज्या घरीं ही तबकडी असेल त्यांनीं पहिली बाजू मध्यें न थांबवितां एकदां ऐकावी. आणि भ्रमणध्वनीवर ऐकणाऱ्या मंडळींनीं गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारी कळ आधीं बंद करावी.