क्रॅश बॅरिअर लावलं, अपघात घटले. पण पुरावा?

खांडबाऱ्याहून धुळ्याकडे निघालात की विसरवाडीच्या पुढे कोंडाईबारी घाट लागतो. 2020 साली इथे खासगी बस खाली कोसळली होती. अशा जागी क्रॅश बॅरिअर लागतं, पुढच्या वर्षी अपघात घटतात आणि श्रेय बॅरिअरला जातं. थांबा! फार वाईट वर्षानंतर आकडा बहुधा आपसूकच सरासरीकडे येतो.

रूने एल्विक यांनी 1995 मध्ये 32 अभ्यास एकत्र तपासले. दुभाजकावरच्या बॅरिअरमुळे अपघात वाढले, पण त्यांची तीव्रता घटली. म्हणजे 'किती' आणि 'किती गंभीर' हे वेगळे प्रश्न.

माझा आक्षेप: हा पुरावा मुख्यतः मोटारींच्या देशांतला. आपल्या घाटात दुचाक्या, पायी माणसं, गुरंही असतात. म्हणून प्रस्ताव लिहिताना आधी विचारा, बॅरिअर नेमकं कुणाला वाचवतं?