शेतावरचा एकमेव बोअर

इंग्रजीत डुकराला एक नाव पुरत नाही. ‘पिग’ ही सगळी जात. त्यात पैदाशीचा नर ‘बोअर’, मादी ‘सो’, आणि मांसासाठी पोसलेला तो ‘पोर्कर’. नर असला तर बहुधा लहानपणीच खच्ची केलेला. आपल्याकडे वळू आणि बैल यांत जो फरक, तोच इथे. जॉर्ज ऑरवेलने ‘अ‍ॅनिमल फार्म’मध्ये (१९४५) या फरकावर एक अख्खी राजवट उभी केली आहे. स्वतः वॉलिंग्टनच्या खेड्यात शेळ्या-कोंबड्या पाळलेला हा लेखक. गोठ्यातले शब्द त्याला कोशातून शोधावे लागले नसणार.

माणसांना हाकलून प्राणी शेत ताब्यात घेतात, त्या या कथेत म्हातारा मेजर हा बोअर. तो गेल्यावर दोन तरुण बोअर पुढे येतात, स्नोबॉल आणि नेपोलियन. बाकीचे सगळे नर पोर्कर, हे निवेदक तिथेच, जाता जाता सांगून टाकतो. पुढे स्नोबॉलला कुत्र्यांकरवी हाकलून लावलं जातं, तेव्हा आपण सत्तेचा झगडा वाचत असतो. शेतावर आता पैदाशीचा नर एकच उरला, हे मनात येत नाही. मग एका शरद ऋतूत चार सो एकाच सुमारास वितात. एकतीस पिल्लं, सगळी कबरी. त्यांचा बाप कोण हे निवेदक उघड सांगत नाही. शेतावर बोअर एकच असल्याने अंदाज करता येतो, एवढंच तो म्हणतो. नेपोलियन हा तिथला एकटा बर्कशायर, म्हणजे काळ्या जातीचा, हे ज्याला आठवतं त्याला ‘कबरी’ या शब्दातही बाप दिसतो. या पिल्लांसाठी पुढे शाळा बांधायचं ठरतं. समतेच्या राज्यात घराणं सुरू झालं, आणि तेही एका नामाच्या आधाराने! मला निवेदकाचं ते अंदाजाचं वाक्य पुस्तकातल्या प्रसिद्ध घोषवाक्यांपेक्षा जास्त भेदक वाटतं.

कोंबड्यांचं बंडही असंच वाचावं. अंडी विकायची ठरतात तेव्हा पुढे होतात त्या तीन ब्लॅक मिनोर्का ‘पुलेट’, म्हणजे तलंगा. कोंबड्या वाशांवर चढून अंडी घालतात, ती खाली पडून फुटतात. नेपोलियन त्यांचं खाणं बंद करतो. पाच दिवसांत नऊ कोंबड्या मरतात. नेपोलियनपुढे ललकारत चालणारा मात्र काळा ‘कॉकरेल’, तरुण कोंबडा. एकाच खुराड्यातली ही दोन नावं. एक दरबारात, एक खड्ड्यात.

प्राणी एकमेकांना म्हणतात त्या ‘कॉम्रेड’ या शब्दाला मात्र लिंग नाही. म्हणूनच तो भाषणात शोभतो, आणि कामाची वाटणी दुसरेच शब्द करतात. अंडी कोंबडीची. कुत्र्यांची पिल्लं जेसी आणि ब्लूबेलची. दूध तुटताच नेपोलियनने उचललेली. सो म्हणून आलेल्या एकाही डुकरिणीला ऑरवेल नाव देत नाही. नेपोलियनची एक लाडकी सो शेवटी शेताच्या जुन्या मालकिणीचा, जोन्सबाईंचा, रेशमी झगा घालून मिरवते, आणि ती कोण हे विचारायची तिथे कुणालाच गरज पडत नाही.