तालुक्याला स्वतःचा पडदा होता तेव्हा

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि काही दिवस देशभरातल्या वाहिन्यांवर आमचा तालुका झळकला. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचं सांगितलं, पण चमत्काराला मिळाली तेवढी जागा त्या उत्तराला मिळाली नाही. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथे खासगी बस पेटली, पंचवीस माणसं गेली, आणि वाहिन्यांच्या गाड्या पुन्हा आल्या. दरवर्षी १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीसाठी त्या सिंदखेडराजाला येतातच. चमत्कार, अपघात आणि जयंती यांच्या मधल्या दिवसांत बीबीसारखं गाव टीव्हीच्या लेखी नसतं. जालन्याहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वऱ्हाडी आणि मराठवाडी बोली जिथे एकमेकींत मिसळतात तिथे हे गाव आहे. मी इथलाच. लहानपणापासून टीव्ही पाहत आलो आणि त्याविषयी आस्थेनेच लिहितो आहे.

मराठी दूरचित्रवाणीवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मालिकांवर, निवेदकांवर, आठवणींवर. एका तालुक्याने स्वतःसाठी केलेल्या टीव्हीचं काय झालं, हे मात्र कुणी गंभीरपणे तपासलेलं माझ्या वाचनात नाही. त्याला कला म्हणावं का, असा प्रश्न मला विचारला जातो. माझ्या मते म्हणावं, आणि तिला कलेचेच निकष लावावेत.

सुरुवात मुंबईपासूनच करावी लागते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे ते पुण्याला दिसू लागलं. त्या केंद्राने पहिल्या दहा वर्षांत जे केलं त्याची बरोबरी पुढे क्वचितच झाली. ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘आमची माती आमची माणसं’, ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ या कार्यक्रमांमागची माणसं नाटकातून, साहित्यातून आणि आकाशवाणीतून आली होती. आपल्यापुढे एक समाज बसला आहे, याची त्यांना जाणीव होती. मला या सगळ्यांत सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो आकाशानंद यांचा ‘ज्ञानदीप’. कार्यक्रम संपल्यावर पाहणाऱ्याने काहीतरी करावं, ही त्याची अपेक्षा होती, आणि गावोगावी निघालेल्या ज्ञानदीप मंडळांनी ती खरी केली. प्रेक्षकाच्या पत्राला उत्तर देणारा टीव्ही आपल्याकडे होता. पण ते सगळं मुंबई-पुण्याच्या प्रक्षेपकांच्या टप्प्यात. बीबी मुंबईपासून साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. ‘आमची माती’ ज्यांच्यासाठी होती, त्यातली बहुतेक माणसं तो कार्यक्रम पाहू शकत नव्हती.

१९८४ मध्ये सरकारने लघुशक्ती प्रक्षेपकांचा सपाटा लावला. त्या वर्षी काही महिने सरासरी रोज एक प्रक्षेपक उभा राहत होता. टीव्ही जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचला, पण ही केंद्रं फक्त उपग्रहावरून आलेलं पुढे फेकणारी होती. तिथे ना स्टुडिओ होता, ना कॅमेरा. तिथल्या तंत्रज्ञाला एखाद्या दिवशी गावच्या पुराची सूचना द्यावीशी वाटली असती, तरी ती पडद्यावर आणायची सोय त्या इमारतीत नव्हती. प्रक्षेपक दूर असल्यामुळे आम्ही बांबूवर अँटेना चढवायचो, बूस्टर लावायचो. एक जण वर अँटेना फिरवायचा, दुसरा खालून ‘आलं, आलं, गेलं’ असं ओरडायचा. मुंग्यांमधून ‘रामायण’ दिसायचं. १९८७-८८ चे ते रविवार मी कधीच विसरणार नाही. पण त्या पेटीतून आपल्या गावातलं कुणी दिसेल, ही कल्पनाच आमच्या मनात आली नव्हती.

उपग्रह वाहिन्यांनी भाषा जवळ आणली. १९९४ मध्ये दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी आली, तीच पुढे ‘सह्याद्री’ झाली. १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ई टीव्ही मराठी आली. ई टीव्हीचं श्रेय मोकळेपणाने द्यायला हवं. तालुक्यांची नावं बातमीपत्रात नेमाने येऊ लागली ती या वाहिनीमुळे, आणि ‘अन्नदाता’ने शेतकऱ्याला सल्ला देताना त्याचं शेत दाखवलं. बोलीच्या बाबतीत मात्र पुढे फारसं काही घडलं नाही. भारत गणेशपुरे यांनी ‘चला हवा येऊ द्या’मधून वऱ्हाडीला मोठा प्रेक्षक मिळवून दिला, हे त्यांचं कर्तृत्व. पण टीव्हीने त्या बोलीला विनोदापलीकडे जागा दिली नाही. वऱ्हाडीत बातमी सांगता येते, शोक व्यक्त करता येतो, कर्जमाफीचा नियम समजावता येतो, हे एकाही मोठ्या वाहिनीने करून पाहिलेलं मला दिसलं नाही. खरं तर याच मातीने १९३० च्या दशकात वेगळं काही करून दाखवलं होतं. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशींच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवर गेली आणि मराठी भावगीताच्या सुरुवातीच्या गाण्यांत तिची गणना झाली. नव्या यंत्राला इथलं काही देता येतं, याचा दाखला आमच्या शेजारच्याच तालुक्यात होता.

तो दाखला पुढे गिरवला तो केबलवाल्यांनी, स्वतःच्या नकळत.

नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावी आणि पुढे मोठ्या खेड्यांतही केबल आली. आमच्या भागातल्या एका केबलवाल्याची खोली मी जवळून पाहिली आहे. दहा बाय दहाची, वर पत्रे, छतावर तीन डिश. आत लोखंडी मांडणीवर रिसीव्हर आणि मॉड्युलेटर ओळीने लावलेले. प्रत्येक वाहिनीला एक मॉड्युलेटर, आणि शेवटचा मॉड्युलेटर ‘आपला’. त्याला एक व्हीसीआर जोडलेला. त्या व्हीसीआरमध्ये जी कॅसेट टाकाल ती तारेच्या टोकाला असलेल्या प्रत्येक घरात दिसणार. स्थानिक वाहिनी म्हणजे एवढंच यंत्र. मुंबईत वरळीला ज्यासाठी अख्खं केंद्र लागतं, ते काम इथे एक मॉड्युलेटर आणि लग्नाचं शूटिंग करणारा एक मुलगा मिळून करत होते.

त्या वाहिनीचं वेळापत्रक लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. सकाळी भक्तिगीतं. दुपारी सिनेमा, आणि त्याखाली साडीच्या दुकानाची, बी-बियाण्यांची, शिकवणीची पट्टी. संध्याकाळी बाजार समितीतले कापूस, तूर, सोयाबीनचे भाव. आठवड्यातून दोनदा बातम्या. मागे निळा पडदा, समोर इस्त्रीचा शर्ट घातलेला शाळेतला शिक्षक, आणि ट्यूबलाइटचा आवाज त्याच्या आवाजाच्या बरोबरीने. वाढदिवसाचे फोटो. आणि निधन वार्ता. ती पट्टी सरकू लागली की घरातलं बोलणं थांबायचं. कोण गेलं, अंत्ययात्रा किती वाजता, राख सावडायची कधी, तेरवी कुठे. एवढी नेमकी, एवढी उपयोगाची आणि इतक्या लक्षपूर्वक वाचली जाणारी मराठी दुसऱ्या कोणत्याही वाहिनीवर मी पाहिली नाही. तिच्यात विशेषणं नसायची. असलंच तर ‘माळकरी’ एवढं एक.

कला म्हणून या वाहिनीची खरी कमाई होती ती अखंड चित्रणाची. हरिनाम सप्ताहातलं काल्याचं कीर्तन, शाळेचं स्नेहसंमेलन, पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली उभ्या बैलजोड्या. एक कॅमेरा, एक तिवई, आणि कॅसेट संपेपर्यंत चित्रण. मोठ्या वाहिन्या कीर्तनातले दोन विनोद कापून घेतात. इथे अडीच-तीन तास पूर्ण दिसायचे. निरूपण कसं रचलं, अभंगावर परत येताना बुवांनी किती वळणं घेतली, मृदंगाचार्याने कुठे हात आवरला, हे त्यातूनच समजायचं. हुशार मुलगा मध्येच कॅमेरा श्रोत्यांवर नेऊन ठेवायचा आणि घाई न करता तिथेच थांबायचा. डोळे मिटून टाळ धरलेल्या म्हाताऱ्या, झोपी गेलेलं मूल, खांबाला टेकलेला माणूस. दुसऱ्या दिवशी त्याच बाया टीव्हीसमोर बसून स्वतःकडे पाहायच्या आणि काही वेळ काहीच बोलायच्या नाहीत. ते पाहताना टीव्हीचा शोध यासाठीच लागला असावा, असं मला वाटायचं.

दोषही तेवढ्याच स्पष्टपणे मांडायला हवेत. पहिला दोष आवाजाचा. बहुतेक जण कॅमेऱ्याच्या माइकवर विसंबायचे, आणि कॅमेरा भोंग्याशेजारी असला की शब्द फाटून यायचे. ज्याने अॅम्प्लिफायरमधून थेट वायर घेतली, त्याचं काम एका दिवसात दुप्पट चांगलं झालं. हे शिकवायला कुणी नव्हतं. दुसरा दोष अधिक गंभीर. जाहिरात आणि बातमी यांत भिंत नव्हती. दुकानाचं उद्घाटन हीच बातमी असायची, आणि निवडणुकीत तर पडदा ज्याने पैसे मोजले त्याचा. सिनेमे बिनपरवाना लागायचे, हेही खरं. आणि कॅमेरा मांडवातून बाहेर फार कमी पडला. १४ एप्रिलची मिरवणूक दिसायची, पण त्याच वस्तीतला पाण्याचा प्रश्न अख्ख्या वर्षात एकदाही दिसला नाही. बाया पडद्यावर होत्या त्या श्रोत्या म्हणून. बातम्या वाचताना मी एकही पाहिली नाही. गावाने स्वतःला पाहिलं, पण जेवढं गावाच्या पुढाऱ्यांना दाखवायचं होतं तेवढंच.

या दोषांवर उपाय निघू शकला असता. शेजारच्या गुजरातेत तो निघाला होता. खेडा जिल्ह्यातल्या पीज गावी १९७५ मध्ये अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राच्या आधाराने एक छोटं टीव्ही केंद्र सुरू झालं. जिल्ह्यातल्या चारशेच्या आसपास गावांसाठी, तिथल्या चरोतरी बोलीत. सार्वजनिक जागी ठेवलेल्या संचांभोवती लोक जमायचे. आधी लोकांशी बोलून प्रश्न समजून घ्यायचे, मग कार्यक्रम करायचा आणि नंतर त्याचा परिणाम तपासायचा, ही तिथली पद्धत. मजुरी, जातिभेद, सावकारी हे विषय मालिकांतून यायचे. युनेस्कोने १९८४ मध्ये या प्रयोगाला गौरवलं, आणि १९८५ मध्ये केंद्र बंद झालं. आपल्या देशाने जिल्ह्याचा टीव्ही एकदा करून दाखवला आणि तो यशस्वी झाला असतानाच मोडला, याचं मला आजही वाईट वाटतं. पीजकडे पद्धत होती, केबलवाल्यांकडे चिकाटी होती. दोघांची गाठ कधी पडलीच नाही.

केबलवाल्याची वाहिनी संपली ती डिजिटल पद्धतीमुळे. २०१२ मध्ये मुंबईसारख्या महानगरांपासून सेट टॉप बॉक्स सक्तीचे झाले आणि मार्च २०१७ अखेरपर्यंत ग्रामीण भागाचा टप्पाही पूर्ण करायचा होता. यात चित्र स्वच्छ झालं, हिशेब चोख झाला. पण पूर्वी तार जिथून निघायची तिथेच वाहिनी घुसवता यायची. आता सगळ्या वाहिन्या दूरच्या शहरातल्या मोठ्या वितरकाच्या केंद्रात एकत्र बांधल्या जातात आणि सांकेतिक रूपात येतात. गावातल्या केबलवाल्याकडे उरली फक्त तार आणि वसुली. त्याच्या शेवटच्या मॉड्युलेटरला जोडायला काही राहिलंच नाही. दूरदर्शनचे जुने भूप्रक्षेपकही पुढे २०२१-२२ पर्यंत जवळजवळ सगळे बंद झाले.

आता मोबाइल आहे. प्रत्येक गावात यूट्यूबवर बातम्या देणारे दोन-तीन तरुण आहेत, हातात वाहिनीच्या नावाचा माइक असलेले. त्यांच्यातल्या काहींचं काम मला मनापासून आवडतं: गारपीट झाल्यावर अर्ध्या तासात बांधावर उभे राहून ते शेतकऱ्याला त्याच्या बोलीत बोलू देतात, मध्ये तोडत नाहीत. वऱ्हाडी बोलीतल्या छोट्या नाटुकल्यांना तर पुण्या-मुंबईतून प्रेक्षक मिळतो. तरीही स्थानिक वाहिनीची जागा याने भरून निघत नाही. वाहिनी सगळ्या गल्लीला एकाच वेळी एकच गोष्ट दाखवायची, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर केबलवाल्याला तिचा जाब द्यावा लागायचा. यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळं पाहतो. आणि काय वर येईल हे ठरवणारी व्यवस्था बीबीत राहत नाही. तीन तासांचं कीर्तन तिथे चढवता येतं, पण पसरतात ते चाळीस सेकंद.

कायद्याने एक दार उघडं ठेवलं आहे. नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार केबल वितरकाला स्वतःची वाहिनी नोंदवता येते, प्रत्येकी एक हजार रुपये शुल्कात, आणि स्थानिक गरजेसाठी प्रत्येक जिल्ह्यात दोन जादा वाहिन्यांची मुभा आहे. बुलढाणा जिल्ह्यात तालुके तेरा. दोन वाहिन्यांत तेरा तालुके कसे मावणार, हा प्रश्न आहेच. शिवाय बातम्या द्यायच्या तर वितरक ही नोंदणीकृत कंपनी हवी. सामुदायिक रेडिओला २००६ पासून संस्थांसाठी धोरण आहे, म्हणून म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ चालू शकतं. टीव्हीसाठी तसं धोरण नाही. महाविद्यालयाला, बचत गटांच्या संघाला किंवा ग्रामपंचायतीला तालुक्याची वाहिनी चालवू द्यावी आणि त्यांना आवाजाचं आणि बातमीचं शिक्षण द्यावं, ही मागणी विदर्भातल्या आमदार-खासदारांनी एकदा तरी मांडायला हवी.

त्याच तत्त्वांत आणखी एक कलम आहे: दाखवलेल्या कार्यक्रमाचं ध्वनिचित्रमुद्रण नव्वद दिवस जपून ठेवावं. नव्वद दिवसांनंतर काय, याबद्दल काही नाही. जुन्या केबलवाल्यांवर तर तेवढंही बंधन नव्हतं. त्यांनी एका कॅसेटवर दुसरं, त्यावर तिसरं मुद्रण केलं. नव्या कॅसेटला पैसे पडायचे. जे उरलं ते घरोघरी पोटमाळ्यावर आहे, आणि व्हीएचएसच्या फितीला दमटपणाने बुरशी धरते. बीबी, सुलतानपूर, किनगाव जट्टू, दुसरबीड, लोणार, मेहकर इथल्या वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्याकडे सप्ताहाची, गॅदरिंगची, पोळ्याची किंवा स्थानिक बातम्यांची एखादी कॅसेट असेल, तर या पावसाळ्याआधी ती खाली काढा, कोरडी पुसा, वर वर्ष आणि गावाचं नाव लिहा, आणि फिती संगणकावर उतरवून देणारा जवळच्या शहरात शोधा.