टेसची कबुली

थॉमस हार्डीची ‘टेस ऑफ द डर्बरव्हिल्स’ ही कादंबरी आपल्याकडे महाविद्यालयीन अभ्यासक्रमातून पोहोचली आणि बहुतेकांच्या मनात ‘दैवाने छळलेल्या मुलीची गोष्ट’ म्हणून राहिली. बीबीसीने २००८ मध्ये चार भागांत सादर केलेली मालिका (पटकथा डेव्हिड निकोल्स, दिग्दर्शन डेव्हिड ब्लेअर) पाहताना मात्र वेगळाच प्रश्न पुढे येतो. टेसला स्वतःची हकीकत स्वतः सांगता येते का, आणि सांगितली तर ती ऐकून कोण घेतो?

मुळात ही कादंबरीही मालिकाच होती. १८९१ च्या जुलैपासून डिसेंबरपर्यंत ती लंडनच्या ‘द ग्राफिक’ या साप्ताहिकात क्रमशः आली. घरात सर्वांनी वाचायचे साप्ताहिक, तेव्हा त्याला चालेल असे रूप देण्यासाठी हार्डीने स्वतःच कात्री चालवली. जंगलातल्या त्या रात्रीच्या जागी ॲलेकने केलेल्या खोट्या लग्नाचा प्रसंग घातला. मरणाच्या दारातल्या बाळाला टेस स्वतःच बाप्तिस्मा देते, ते प्रकरण दुसऱ्या नियतकालिकात छापावे लागले. पाणी भरलेल्या वाटेवरून एंजल दूध काढणाऱ्या मुलींना उचलून नेतो, तर साप्ताहिकात त्याला चक्क हातगाडी देण्यात आली! पुस्तक निघाले तेव्हा गाळलेला बहुतेक मजकूर परत आला.

मालिकेवर असे बंधन नव्हते, पण तिची अडचण उलटी होती. हार्डीने त्या रात्रीवर धुके पसरून ठेवले आहे. बळजबरी की भुलवणूक, यावर समीक्षक शंभराहून अधिक वर्षे वाद घालत आले आहेत. कॅमेऱ्याला धुक्याआड फार काळ राहता येत नाही. निकोल्स बळजबरीच्या बाजूने कौल देतात आणि मला तो योग्य वाटतो. ‘संदिग्धता’ हा शब्द समीक्षेत फार आदराने वापरला जातो, पण टेसच्या बाबतीत तिचा फायदा नेहमी ॲलेकलाच मिळाला आहे.

खरा पेच लग्नाच्या रात्रीचा आहे. एंजल आधी आपले सांगतो: लंडनमध्ये एका अनोळखी बाईबरोबर घालवलेले दोन दिवस. टेस त्याला तत्काळ क्षमा करते आणि आपली हकीकत सांगू लागते. नेमका येथेच हार्डी कादंबरीचा खंड संपवतो. पुढचा खंड उघडतो तेव्हा तिचे सांगून झालेले असते. ज्या कबुलीवर सगळी शोकांतिका उभी आहे, तिचे शब्दच वाचकाला मिळत नाहीत. (लग्नाआधी तिने चिठ्ठीही लिहिली होती. दाराखालून सरकवलेली ती चिठ्ठी गालिच्याखाली गेली. गोरेगावच्या चित्रनगरीत हीच चिठ्ठी कुणाच्या हाती लागली असती तर तिच्यावर महिनाभराचे भाग निघाले असते!)

मालिकेत प्रेक्षकाने ती रात्र आधीच पाहिलेली असते. त्यामुळे कबुलीच्या वेळी आपण टेसचे ऐकत नाही, एडी रेडमेनचा चेहरा न्याहाळत बसतो: आता हा काय करणार? जेमा आर्टर्टनचे काम चांगले असूनही ते दृश्य एंजलच्या मालकीचे होते. हार्डीच्या पानावर जे घडते तेच येथे दुसऱ्या वाटेने घडते.

याच सुमारास पुण्यात हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ‘करमणूक’मधून क्रमशः येत होती. मार्च १८९१ मध्ये कायद्याने मुलींचे संमतिवय दहावरून बारावर नेले आणि त्यावरून रण माजले. अशा दिवसांत आपट्यांनी सगळी कादंबरी यमूच्या तोंडून सांगितली. सासर, वैधव्य, जबरदस्तीचे केशवपन, सारे ती ‘मी’ म्हणून सांगते. कलाकृती म्हणून टेस सरस आहे, आपट्यांना पाल्हाळ आवरत नाही, हे मान्यच. पण यमूच्या हकीकतीत ऐन मोक्याला पान कोरे राहत नाही.

मुंबईच्या पडद्यावर टेस आधीच येऊन गेली होती. ‘दुल्हन एक रात की’ (१९६७) मध्ये नूतनने ती केली. मायकेल विंटरबॉटमने ‘तृष्णा’त (२०११) तिला राजस्थानातून मुंबईत आणले आणि ती भूमिका मालाडमध्ये वाढलेल्या फ्रीडा पिंटोला दिली. चित्रपट मधूनमधून रेंगाळतो, नायिका फारच कमी बोलते. पण त्याने एक धाडस केले आहे, जे बीबीसीच्या नेटक्या मालिकेला सुचले नाही: ॲलेक आणि एंजल यांचा एकच माणूस केला, जय. म्हणजे जिच्यावर अन्याय झाला तिने अन्याय करणाऱ्यापुढेच कबुली द्यायची. मुंबईत लग्नाशिवाय एकत्र राहत असताना तृष्णा त्याला गर्भपाताचे सांगते, आणि त्यानंतर तो तिच्याशी पूर्वीसारखा राहत नाही. मूल त्याचेच होते.