मालक जवळ नसतानाची पेटी

नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांच्या दुकानात टॉपबॉक्स, म्हणजे सीटमागे बसणारी कुलपाची पेटी, बघायला आलेला पुणेकर किंमत विचारायच्याही आधी विचारतो, "हेल्मेट मावतं का?" दुकानदार मुरलेला असतो. तो लिटरचा हिशेब सांगत बसत नाही. खुंटीवरचं हेल्मेट काढून आत ठेवतो आणि झाकण लावून दाखवतो. या शहरात हेल्मेटवरून मोर्चे निघाले आहेत. १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी सक्ती कडक केली, तेव्हा तिच्याविरुद्ध कृती समितीही उभी राहिली. घालावं की नाही हा वाद क्षणभर बाजूला ठेवू. गाडीवरून उतरल्यावर ते ठेवायचं कुठे, हा प्रश्न दोन्ही पक्षांना सारखाच छळतो.

स्कूटरवाल्यांना तो इतका छळत नाही. पुण्याला बोट धरून चालवणारी दुचाकी म्हणजे १९७२ पासून आकुर्डीत बनू लागलेली बजाज चेतक, आणि स्कूटर म्हटलं की डिकी आलीच. मोटारसायकलचं अंग मात्र उघडं. मध्ये इंजिन, वर टाकी, मागे सीट. पोट असं नाहीच. जे न्यायचं ते बाहेरून लटकवायचं. दूधवाले दोन्ही बाजूंना कॅन अडकवतात, बाकीचे इलॅस्टिकच्या दोरीने बोचकं आवळतात, आणि या सगळ्यांचं सामान व्यवस्थित पोचतं. तेव्हा नुसतं न्यायचंच असेल तर अशा कडक पेटीची गरज नाही. पाठीवरची सॅकही पुरते. तुळशीबागेबाहेर गाडी लावून दोन तास निर्धास्त हिंडायचं असेल, तर मात्र सॅक आणि बोचकं दोन्ही कुचकामी. ही पेटी घडवली गेली आहे ती मालक जवळ नसतानाच्या वेळेसाठी. एकदा हे धरलं की तिची एकेक रेघ उलगडायला लागते.

ती वाचावी गाडीच्या मागे उभं राहून. कुलूप आपल्याकडे, बिजागऱ्या सीटच्या बाजूला. म्हणजे झाकण उघडून पुढे कलतं आणि आतलं सगळं समोर येतं. झाकणाची कड खालच्या भागावर कौलासारखी उतरलेली असते. पाणी वरून ओघळतं, फटीपर्यंत पोचलंच तर आतल्या उभ्या काठाशी अडतं, आणि त्याच्याही आत रबराची पट्टी असते. सगळी भिस्त त्या रबरावर नाही, हा या रचनेतला शहाणपणा. रबर पुण्याच्या उन्हात दोन-चार वर्षांत कडक होतं, काठ होत नाही. स्वस्त पेटी ओळखायची ती इथेच. रंग आणि रिफ्लेक्टर बघू नयेत, झाकण लावून कडेवरून बोट फिरवावं. ताम्हिणी घाटातला आडवा पाऊस त्या कडेची जी परीक्षा घेतो, ती दुकानातल्या कोणत्याही स्टिकरने टळत नाही. आणि हो, ओला रेनकोट आत टाकू नये. जी पट्टी पाणी आत येऊ देत नाही, ती बाहेरही जाऊ देत नाही. माणगावला पोचेपर्यंत आतल्या कपड्यांना वाफारा मिळालेला असतो.

मला सगळ्यात देखणी वाटते ती पेटीच्या तळाखालची प्लेट. पुढच्या बाजूने पेटीचे दात प्लेटच्या खाचांत सरकवायचे, मग मागची बाजू दाबायची. 'खट्' असा आवाज येतो. त्या आवाजात एक ठाम निर्णायकपणा आहे. काढायची तर तीच चावी. झाकणालाही तीच, प्लेटलाही तीच, ही कल्पना 'मोनोकी' या नावाने ज्या गिवी कंपनीने रुळवली, ती १९७८ मध्ये इटलीतल्या ब्रेशाजवळ जुझेप्पे व्हिसेंझी यांनी काढली. व्हिसेंझी स्वतः शर्यतीतले, १९६९ च्या ३५० सीसी जागतिक स्पर्धेत तिसरे आलेले. शर्यतीच्या गाडीवरून एकेक ग्रॅम उतरवण्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस पुढे आयुष्यभर गाड्यांवर ओझं चढवायची सोय करत बसला, याची मला गंमत वाटते. पण त्याच्याच कंपनीच्या पेटीवर जी सूचना असते तीत तो शर्यतवाला पुन्हा दिसतो: मोठ्या प्रकारात दहा किलोपर्यंत वजन आणि ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेग.

पेटी पन्नास लिटरची आणि परवानगी दहा किलोची, हे अनेकांना फसवणूक वाटतं. नीट पाहिलं तर त्यातच पेटीचा स्वभाव आहे. टॉपबॉक्स मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे बसतो, उंचावर. तिथलं वजन आसावर तरफ टाकतं, पुढचं चाक हलकं करतं, आणि वेगात हँडल हळूहळू डोलायला लागतं. म्हणून तिथे जागा खाणारं पण हलकं सामान: हेल्मेट, जॅकेट, चादर, चिवड्याचं पाकीट. पाना-पक्कड, कुलपाची साखळी, पाण्याच्या बाटल्या खाली आणि पुढे. मोकळी जागा दिसली की ती भरलीच पाहिजे, या आपल्या सवयीला ही पेटी शांतपणे नाही म्हणते.

साइड बॉक्सची गोष्ट वेगळी आणि जास्त गुंतागुंतीची. जोडी दिसते सारखी, पण बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असतो. त्यामुळे उजवी पेटी एकतर कापलेली, नाहीतर डावीपेक्षा बाहेर निघालेली. जी बाहेर, तीत वजन कमी. डावीकडे आपली एक खास अडचण आहे, साडीगार्डची. मागे बसणाऱ्याच्या कपड्यांपासून चाक झाकणारी ही जाळी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमाने आलेली. पेटीचा सांगाडा बसवताना ती काढायला सांगणारे कारागीर भेटतात. मी म्हणेन, सांगाडा बदला, जाळी राहू द्या.

ॲल्युमिनियम की प्लास्टिक, यावर लोक तास तास भांडतात. ॲल्युमिनियमची पेटी पडल्यावर चेपते, पण पत्र्याचं काम करणारा ती ठोकून सरळ करतो. प्लास्टिकची आधी धक्का झेलते आणि मग एकदम तडकते. ॲल्युमिनियमचा दोष कुणी सांगत नाही: आतून नुसता पत्रा असेल तर पांढरे कपडे घासून करडे होतात, म्हणून आत पिशवी हवीच. आणखी एक तोटा दोन्हींचा सारखा. खडकाळ वाटेवर तोल सावरायला पाय टेकला आणि गाडी पुढे सरकली, तर मागून येणारी कडक पेटी पोटरीवर आदळते. असल्या रस्त्यावर मऊ बॅगच बऱ्या.

मागे बसणाऱ्यांचं मत क्वचितच विचारलं जातं. टॉपबॉक्सला पाठीची गादी असेल तर ते खूश असतात; घाटात चढताना त्यांना कशाला तरी टेकता येतं. पण चढता-उतरताना पेटी आडवी येते. पुढच्यालाही मागून पाय फिरवून बसता येत नाही, सीटवरून गुडघा दुमडून काढावा लागतो. २०२० मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने हलक्या पेटीची मापंच नियमात घातली: लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१०, उंची ५००. पेटी मागच्याच्या जागेवर असेल तर गाडीवर चालक एकटा; ती त्या जागेच्याही मागे असेल तर दुसऱ्याला बसता येतं. पेटी आणि माणूस यांच्यात आधी कुणाची जागा, हे सरकारने मिलिमीटरमध्ये ठरवलेलं पाहून मला बरं वाटलं.

शहरापुरतं बोलायचं तर तीस-पस्तीस लिटरची प्लास्टिकची पेटी, एक हेल्मेट मावेल एवढी, आणि प्लेट कायम गाडीवर. दोन हेल्मेटं हवीत तर पंचेचाळीसच्या पुढे जावं लागतं आणि गाडी मागून अवजड होते. साइड बॉक्स सहलीपुरते लावावेत. हँडल गेलं की मागचं अंग जाणारच, या भरवशावर आपण लक्ष्मी रस्त्यावर रिक्षा आणि बसच्या मधून गाडी काढतो. पेट्या लावल्या की मागचं अंग हँडलपेक्षा रुंद होतं, आणि हे पहिल्यांदा कळतं ते रिक्षावाल्याकडून.