चिमाजी अप्पांचे वसईचे पत्र

अमेरिकेचे पहिले युद्धमंत्री हेन्री नॉक्स यांच्यासारख्या पुरुषाचे पत्र विक्रीस निघाले, म्हणजे संग्राहक प्रथम त्याचा शेवट पाहतात. मजकूर लेखनिकाच्या हातचा असला तरी चालतो. सही तेवढी अस्सल हवी. हाच दंडक आमच्या अठराव्या शतकातील मोडी पत्रांस लावू गेल्यास मोठी पंचाईत होते. अक्षर कारकुनाचे, धन्याचे नाव आरंभीच्या मायन्यात, आणि शेवटी 'लेखनसीमा' असा मोर्तब किंवा थोरांस लिहिले असेल तर 'विज्ञापना'. इंग्रजी धर्तीची सही अशा पत्रांत बहुधा नसतेच. मग लिहविणारा माणूस ओळखावा कशावरून?

वसई सर झाल्यावर १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ब्रह्मेंद्रस्वामींस जे पत्र पाठविले, त्यावरून या प्रश्नाचे उत्तर मिळते असे मला वाटते. स्वामींचा पत्रव्यवहार पारसनिसांनी प्रसिद्ध केला, त्यास शतक लोटले. पण ठाणे-कल्याणकडच्या सुशिक्षित घरांतही हे पत्र वाचलेला मनुष्य विरळा. ज्या ठाण्याच्या कोटात आज तुरुंग आहे, तो १७३७ मध्ये मराठ्यांच्या हाती आला, आणि दोन वर्षांनी खाडीपलीकडची वसई. शाळेत मुलांस सांगतात ती गोष्ट वेगळी: वसई हाती येत नसेल तर माझे मस्तक तरी तोफेने आत फेका, असे अप्पा म्हणाले! वाक्य नाटकास शोभणारे खरे.

पत्रातील सेनापती असा बोलत नाही. तो सुरुंगांचा हिशेब देतो. काही उडाले, काही वेळेवर उडाले नाहीत, आणि तटावर चढलेली आपलीच माणसे त्यांत सापडली. वरून आग व धोंडे यांचा वर्षाव होत होता. फिरंगी शर्थीने लढला, हे तो मोकळेपणी कबूल करतो. ग्रँट डफ मराठ्यांची हानी पाच हजारांवर सांगतो; त्या आकड्याचे ओझे या तुटक वाक्यांत जाणवते. शत्रूचे शौर्य आणि स्वतःच्या सुरुंगाची चूक एकाच दमात सांगणारा विजयी पुरुष आमच्या बखरींत क्वचितच भेटेल.

पत्र निर्दोष आहे असे मात्र नव्हे. यशाचे सारे श्रेय स्वामींच्या आशीर्वादास देणारा भाग ठराविक वळणाचा आहे. शिवाय स्वामी हे पेशव्यांचे गुरू तसेच सावकारही होते. ऋणको धनकोस लिहितो तेव्हा आपल्या कष्टांचे वर्णन थोडे वाढवूनच करतो, असा संशय चिकित्सक वाचकाने अवश्य घ्यावा. परंतु कष्ट वाढविता येतात. आपलाच सुरुंग आपल्या माणसांवर उलटल्याची हकीकत सावकारास खूष करण्यासाठी कोण सांगेल? तेथे मला अप्पांचा आवाज निःसंशय ऐकू येतो.

याच वेळचा सहीचा कागद हवा असेल तर तोही आहे. १६ मे १७३९ च्या तहावर पोर्तुगीज अधिकारी कायतानु द सौझा परेरा याने सही केली. शिबंदीने हत्यारांनिशी, वाद्ये वाजवीत, आठ दिवसांत शहर सोडावे, अशी कलमे त्यात आहेत. कलमे व्यवस्थित आहेत. पण पराभवाच्या त्या दिवशी परेराच्या मनात काय चालले होते, याचा मागमूसही त्या कागदात लागत नाही.